पॉइंट वन सर

सर पेन घ्यायला दुकानात गेले की दुकानदाराच्या रफ वहीत एक मुंगी वाढायची. पेन चालतो की नाही हे पाहायला आपण दोन रेघोट्या मारतो, फार तर सही करतो. सर मुंगी काढायचे. डोकं, मधला भाग, मागचा भाग, सहा पाय, दोन मिशा, आणि सगळी मिळून साबुदाण्याच्या दाण्यावर बसेल एवढी. मग चष्मा कपाळावर चढवून वही नाकाशी न्यायचे. पाय एकमेकांना चिकटलेले दिसले तर पेन परत. "याची मुंगी लंगडी हाये," एवढंच म्हणायचे, आणि दुकानदार बिचारा दुसरा पेन काढायचा. लोणारच्या आणि मेहकरच्या दुकानांत अशा मुंग्यांच्या रांगाच्या रांगा झाल्या होत्या. सर निवृत्त होऊन जळगाव जामोदला आपल्या गावी निघून गेले, त्यानंतर मेहकरच्या एका दुकानदारानं मला विचारलं, "तुमचे ते मुंगीवाले सर दिसत नाहीत आता?" गावी गेले म्हटल्यावर त्याला खरंच वाईट वाटलं, आणि त्यानं त्यांच्यासाठी ठेवलेले दोन पेन मलाच दाखवले. मी घेतले नाहीत. माझ्या हातात असला पेन दोन दिवस टिकत नाही, टोक आत जातं.

शाळेतली पोरं त्यांना पॉइंट वन सर म्हणायची, कारण त्यांच्या आवडत्या पेनच्या टोपणावर टोकाच्या जाडीचा तो आकडा असायचा. त्यांना हे नाव माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी बीबी गावच्या हायस्कूलवर इतिहासाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा सर तिथे जुने झाले होते. ते जीवशास्त्र शिकवायचे. माझं गाव सुलतानपूर, म्हणजे शेजारचंच. त्यांचं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इतक्या वर्षांत त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी लागली. पहिल्याच दिवशी हजेरीपटावर सही करायची होती आणि माझ्याकडे पेन नव्हता. त्यांच्या खिशात पाच होते. मी हात पुढे केला तर त्यांनी ड्रॉवरमधून दोरीनं बांधलेला एक जाडजूड बॉलपेन काढून दिला.

"हा मांगणाऱ्याईचा," ते म्हणाले.

"आणि खिशातले?"

"ते माहे."

मला राग आला होता. नव्या माणसाशी कोणी असं वागतं का? पुढे कळलं की हेडमास्तरांनाही तोच दोरीचा पेन मिळायचा, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही तोच मिळाला होता. तेव्हा माझा राग थोडा निवळला.

उन्हाळ्यात त्यांच्या पेनांची बडदास्त पाहण्यासारखी असायची. एप्रिल लागला की खिसा बंद. पेन कंपासपेटीत आडवे झोपायचे आणि ती पेटी स्टाफरूममधल्या माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यावर जायची. उभे ठेवले तर शाई एका बाजूला बसते आणि खिशात ठेवले तर अंगाच्या उष्णतेनं बाहेर येते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की आता मीच ते इतरांना सांगतो. त्यांच्या घरी गेलं की सरांच्या बाई चहा देता देता म्हणायच्या, "आमच्या घरी जेवण करपलं तं कोणी बोलत नाही. पेन सुकला का दुखवटा."

त्यांचं अक्षर अर्थातच मुंगीच्याच जातीचं होतं. एकदा त्यांनी रजेचा अर्ज दिला. हेडमास्तरांनी तो उलटसुलट केला, खिडकीपाशी नेला, आणि शेवटी शिपायाला सांगितलं की सरांनी चुकून कोरा कागद दिलाय, परत कर. सर स्वतः गेले आणि कागदाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे तीन ओळी होत्या.

"एवढं बारीक कोण लिहितं हो सर?"

"कारणच बारीक होतं," सर म्हणाले. "दाढ दुखते."

हेडमास्तर हसले आणि त्यांनी रजा दिली. पण त्या दिवसापासून सरांचा कुठलाही कागद ते आधी उजेडात धरायचे.

या सगळ्याला आम्ही खूळ म्हणायचो. मी तर त्यांच्या तोंडावरच म्हणायचो. लिहिल्याशी मतलब, टोक जाड की बारीक यानं काय फरक पडतो, असं मी एकदा जरा चढ्या आवाजात विचारलं. सर नववीच्या वह्या तपासत होते. त्यांनी मान वर न करता माझ्याच पेननं माझ्याच कागदावर एक रेघ ओढली आणि तिच्याशेजारी आपल्या पेननं दुसरी.

"हे पाह्य बे. तुह्या रेघेत चूक झाली तं दिसत नाही. तिच्या पोटातच मावते. माही चुकली का उघडी पडते. म्हणून मी जपून जातो अन् तू पयत जातो."

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. असं पळत जाणाऱ्यांशिवाय शाळेचा अभ्यासक्रम मार्चपर्यंत संपत नाही, हेही खरं आहे. पण त्या दिवसापासून फळ्यावर सनावळी लिहिताना माझा हात थोडा अडखळायला लागला, हे कबूल करतो.

आकृत्यांच्या बाबतीत सर फार कडक. पोरांनी माशाची आकृती काढली आणि बाह्यरेषा दोनदोनदा गिरवली की ते वही वर धरून विचारायचे, "हा मासा पोहून राह्यला का शिजून राह्यला?" वर्ग हसायचा, आणि ज्याची वही असायची तो सोडून सगळ्यांना मजा यायची. पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. त्यांच्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याच्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून पोरांना एकेक करून बघायला लावायचे आणि मग दिसलं ते काढा म्हणायचे. सगळी पोरं पुस्तकातल्यासारख्या नीट विटा रचून आणायची. एकदा एका मुलीनं विटांच्या मध्ये एक मोठा गोळा काढला. बाकीचे फिदीफिदी हसायला लागले. तो हवेचा बुडबुडा होता, काचपट्टी ठेवताना आत अडकलेला. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गाला सांगितलं, "हिनंच एकटीनं पाह्यलं. तुम्ही सगळ्याईनं जे माहीत हाये ते काढलं. माहीत हाये ते काढू नका रे, दिसते ते काढा."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या कानात पार गुळगुळीत झालं होतं.

निवडणुकीचा किस्सा सांगितल्याशिवाय सर पूर्ण होत नाहीत. आमच्या दोघांची एकाच मतदान केंद्रावर ड्युटी लागली. सरांकडे मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम आलं. आता ही शाई म्हणजे काडीनं बोट माखायचं काम असतं, त्यात कलाकुसर ती कसली. पण सरांनी सकाळीच काडीचं टोक ब्लेडनं तासलं. नखाच्या टोकापासून खाली पहिल्या पेरापर्यंत, केसाएवढी सरळ रेघ. बायाबापड्या बोट पुढे करून कौतुकानं बघायच्या. रांग मात्र बाहेर रस्त्यापर्यंत गेली. दुपारी एका पक्षाचा पोलिंग एजंट आत येऊन तक्रार करू लागला की बाहेर आलेल्या बायांच्या बोटांना शाईच नाही. केंद्राध्यक्ष तणतणत आले, एका आजीबाईचं बोट धरलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं.

"सर, ही काय रांगोळी आहे का?"

"नियमात रेघ कुठून कुठवर ते सांगेल हाये," सर शांतपणे म्हणाले. "जाडी नाही सांगेल."

शाईचं काम केंद्राध्यक्षांनी माझ्याकडे दिलं. मी संध्याकाळपर्यंत लोकांची बोटं अशी माखली की कोणाची तक्रार आली नाही. सर माझ्या जागी बसून यादीवर खुणा करत राहिले आणि मध्येमध्ये माझ्या कामाकडे पाहून मान हलवत राहिले.

आता पाचवीच्या पेनाबद्दल. आमच्याकडे बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पूजा मांडतात आणि तिथे एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. घरात असेल तो पेन ठेवायची रीत. पण बीबीतल्या कुठल्यातरी सासूबाईंच्या डोक्यात आलं की जाड पेननं लिहिलं तर कागद लवकर भरणार आणि बारीक पेननं लिहिलं तर जास्त वर्षं मावणार. झालं. ती बाई सरांच्या दारात आली. तिचं बघून दुसरी आली. पाहता पाहता गावात पाचवीला सरांचाच पेन लागू लागला.

सर बौद्ध. पौर्णिमेला विहारात जाणारे, आणि विज्ञान शिकवणारे. त्यांच्या घरात सटवाईचं काही काम नव्हतं. आलेल्या बाईला ते आधी स्पष्ट सांगायचे की कोणी येत नाही, कोणी लिहीत नाही, पोराचं वजन करा आणि लस चुकवू नका. बाई सगळं ऐकून घ्यायची आणि उभीच राहायची. मग सर आत जाऊन पेन आणायचे. दोरीचा नाही, खिशातला. माझ्या माहितीत खिशातला पेन फक्त या एका कारणासाठी त्यांच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला.

"सकाळी वापस. अन् रातभर टोपण लावेल राहू द्या."

"टोपण लावल्यावर ती लिहीन कशी, सर?"

"तिले काढता येते ना? एवढी देवी हाये."

सकाळी पेन परत आला की मुंगी काढून बघायचे. कागद कोराच राहिलेला असायचा, हे त्यांना ठाऊक होतं आणि बाईलाही. त्यावरून त्यांनी कधी कोणाला टोमणा मारला नाही. हेही मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

माझ्या बायकोच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही सगळेच धास्तावलेले होतो. पहिल्या वेळी बाळ गेलं होतं. जन्मलं, दुसऱ्या दवाखान्यात हलवलं आणि त्याच दिवशी गेलं. पण तिची तब्येत नाजूक म्हणून थोरल्या माणसांनी ते तिला सांगितलं नाही. दोन दिवस "बाळ काचेत आहे, चांगलं आहे" एवढंच सांगत राहिले. मलाही आधी तेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी खरं कळलं तेव्हा ती रडली नाही, फक्त सगळ्यांची तोंडं एकेक करून बघत राहिली. ते बघणं मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वेळी दिवस भरायच्या कितीतरी आधी तिचं बीपी चढलं. मेहकरला तातडीनं सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली. एवढीशी, हातात धरायची भीती वाटावी अशी. श्वास नीट लागेना म्हणून तिला लगेच ॲम्ब्युलन्सनं बुलढाण्याला लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं. बायको अजून गुंगीत होती, तिनं मुलीला पाहिलंच नाही. तिचं बीपी उतरेना म्हणून तिला मेहकरहून हलवता येत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, बाळ कुठाय. तिच्या उशाशी बसलेल्या माझ्या मावशीनं मनापासून आणि अगदी खरं तेच सांगितलं, "बुलढाण्याले काचेत हाये. चांगलं हाये." तेच शब्द. माझ्या बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर तिचा कोणावरच विश्वास बसेना. बुलढाण्याच्या त्या कक्षात मोबाईल नेऊ देत नव्हते. मी विनवण्या केल्यावर तिथल्या सिस्टरनं एक फोटो काढून पाठवला. त्यात टोपी होती, डोळ्यांवर पट्टी होती, गालावर चिकटपट्ट्या आणि इकडून तिकडे गेलेल्या नळ्या होत्या. बाळ असं काही दिसत नव्हतं. बायकोनं फोन हातात घेतला आणि परत दिला. "हे कोणाचंबी असू शकते," ती म्हणाली. मी शपथा घातल्या. ती म्हणाली, "मांगच्या वेळी माह्या आईनंबी शपथ घेतली होती."

तिकडे बुलढाण्याचे डॉक्टर रोज विचारायचे, आईचं दूध आणलं का? चमचाभर चालेल, पण आईचंच आणा, या पोरीला तेच औषध आहे. मेहकरची सिस्टर वाटी घेऊन तिच्याजवळ बसायची. सुरुवातीच्या दिवसांत काढलं नाही तर पुढे येणारच नाही, हे समजावून सांगायची. बायको हात बाजूला करायची. "कोणासाठी काढू?" तिकडे पोर सलाईनवर आणि इकडे आई अशी. मी दोन्ही गावांच्या मध्ये बसमध्ये बसलेला असायचो आणि कुठल्या बाजूला तोंड करून रडावं ते कळत नव्हतं.

पाचवा दिवस आला. माझी आई सुलतानपूरहून पिशवीत सुपारी, हळदकुंकू आणि कोरा कागद घेऊन बुलढाण्याला आली. पूजा नाही तर नाही, निदान कागद आणि पेन बाळाच्या काचेखाली ठेवू, असं तिच्या मनात होतं. पेनसाठी तिनं मला न विचारता सरांना फोन केला होता. सर दुपारच्या एसटीनं स्वतःच आले.

तिथली सिस्टर बीबीचीच होती, सरांच्या हाताखाली शिकलेली. तिनं आईला हात जोडून सांगितलं की बाळाजवळ बाहेरची वस्तू ठेवता येणार नाही, जंतू जातात. आई तिथेच बाकावर बसून रडायला लागली. मी सरांना व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. मागच्या वेळचंही सांगितलं, ते मी शाळेत कधी कोणापाशी बोललो नव्हतो. सर "होईल नीट" असं काही म्हणाले नाहीत. त्यांना ते कधी जमलंच नाही.

"वहिनीले फोटो पाह्यला तरी पटलं नाही?"

"नाही."

"फोटोत पोरगी दिसतच नसन," ते म्हणाले. मग सिस्टरकडे गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आले ते सरळ आईसमोर उभे राहिले. "काकू, तो कागद द्या."

सिस्टरनं त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन, टोपी, मास्क चढवला. मग पेन मागितला, स्पिरिटनं पुसायला. मला वाटलं आता ते अडतील. त्यांच्या पेनला दुसऱ्याचा हात लागला की त्यांचा चेहरा कसा होतो ते मी इतकी वर्षं पाहत आलो होतो. त्यांनी पेन काढला आणि निमूट तिच्या हातावर ठेवला. तिनं तो घासून घासून पुसला. ते बघत राहिले.

काचेतून आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. किती वेळ वाकून उभे होते कोण जाणे. मध्ये डॉक्टर आले, काहीतरी बोलले, सरांच्या खांद्यावरून डोकावले आणि निघून गेले.

सर बाहेर आले तेव्हा कागद भरलेला होता. मधोमध पूर्ण पोरगी होती. तिच्या नळ्यांसकट, पट्ट्यांसकट, त्यांनी एकही गाळली नव्हती. पण नळी नळीएवढीच होती आणि तिच्यामागे ओठ होते, हनुवटी होती, कपाळावर उतरलेली बारीक लव होती. बाजूला एक कान, एक मूठ आणि एक तळपाय वेगळे, खऱ्या आकाराचे काढले होते. मी माझ्या मुलीला पाच दिवस रोज पाहत होतो. तरी त्या कागदावर मी तिला पहिल्यांदा पाहिलं असं मला वाटलं.

आईनं मात्र कपाळाला हात लावला. "सर, हा कोरा ठेवाचा होता. आता तिनं लिहावं कुठं?"

"मांगून कोरा हाये, काकू."

आईनं कागद उलटून पाहिला, हात फिरवून खात्री केली, आणि मगच माझ्याकडे दिला.

मेहकरला जाताना सरांनी तो कागद फाईलीत घालून पूर्ण वाटभर मांडीवर आडवा धरला होता. वॉर्डात शिरल्यावर त्यांनी तो बायकोच्या पलंगावर ठेवला आणि स्टुलावर बसले. समजावणं नाही, विनवणी नाही. ती बराच वेळ भिंतीकडेच बघत होती. मग तिनं हात लांब करून कागद घेतला.

"हे काय हाये?"

"तुमची पोरगी. आज दुपारी मले दिसली तशी."

ती बघत राहिली. 

"कान असा काऊन वाकडा?"

"दुमडला का तसाच राह्यते. कडक नाही झाला अजून."

"अन् ही तोंडातली नळी?"

"ते दुधासाठी हाये," सर म्हणाले. "रिकामी हाये."

मला वाटलं, हे सांगायची काय गरज होती. पण ते तसेच होते. बायकोनं कागद आणखी जवळ घेतला.

"तळपायाले रेघा नाही काढल्या तुम्ही."

"नाहीत."

"एकबी नाही?"

"एक हाये. बोटाईच्या जरा खाली. पाहा."

तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. मीही वाकलो. होती. केसापेक्षा बारीक, अर्ध्यातच संपलेली एक रेघ, आणि बाकी सगळा तळवा कोरा. सर म्हणाले, "लवकर झालेल्या पोराईच्या पायाले रेघा नसतात वहिनी. येतात हळूहळू."

 बायकोचं बोट त्या तळपायावर होतं, कागदाला न टेकता. मग ती आमच्यापैकी कोणालाच उद्देशून न बोलता, अगदी हळू म्हणाली, "खोटं काढाचं असतं तं सगळ्या काढल्या असत्या." थोड्या वेळानं म्हणाली, "जित्ती हाये." आणि त्या पाच दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठून बसायचा प्रयत्न करत तिनं सिस्टरला हाक मारली आणि वाटी मागितली.

मी व्हरांड्यात जाऊन रडलो. सर माझ्याआधीच बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले होते आणि खिशातल्या चिठोऱ्यावर मुंगी काढून बघत होते. स्पिरिटनं पेन बिघडला होता, पाय चिकटून येत होते. तरी त्यांनी तो फेकला नाही.

बीपी उतरल्यावर बायकोला बुलढाण्याला नेलं आणि ती मुलीजवळ राहू लागली. सर दर रविवारी यायचे. हात धुवायचे, गाऊन घालायचे, आणि फक्त तळपाय काढायचे. दुसऱ्या रविवारी रेघा दोन-तीन झाल्या. नंतर टाचेकडे सरकल्या. पोर दूध पीत होती, वजन धरत होती, एकेक नळी कमी होत होती. डॉक्टर वजनाचा आकडा सांगायचे, पण बायको सरांचा कागद हातात आल्याशिवाय काही मानायची नाही. रेघा दाट होत गेल्या तसे सर पॉइंट वनच्याही खालचे पेन आणू लागले. कुठून मागवायचे देव जाणे.

शेवटच्या रविवारी ते पाळण्यावर वाकले, बराच वेळ बघत राहिले, कागदावर टोक टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. पोरीनं पाय झाडला. तळवा आता पार सुरकुतलेला होता, उभ्या-आडव्या रेघांच्या मध्ये आणखी रेघा. बायको धास्तावून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. सरांनी पेन खिशात ठेवला आणि कोरा कागद तिच्याकडे दिला.

"नाही होत वहिनी. एवढ्या बारीक रेघाईसाठी पेन नाही बनेल अजून. न्या पोरीले घरी."